मयेचे तळे आणि तळ्याकाठची जमीन

गोवा पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९८२ साली झाली. त्यानंतरच्या काळात महामंडळाची 'उत्तर गोवा दर्शन' बस पणजीहून निघे, तेव्हा तिच्या ठराविक थांब्यांत साखळीचे दत्तमंदिर असे आणि मयेचे तळेही असे. १८८२ सालच्या त्या दत्तमंदिरात नारळ फोडून आलेले परगावचे प्रवासी मयेच्या तळ्याकाठी उतरत, पायडलच्या होडीत घटकाभर फिरत, चहा घेत आणि मग म्हापशावरून वागातोर, हणजूण, कळंगुट करीत आग्वादच्या किल्ल्याकडे रवाना होत. समुद्रासाठी आलेल्या पाहुण्याला डिचोली तालुक्याचे दर्शन घडे ते एवढेच. डोंगरांच्या कुशीतले संथ पाणी, भोवतालची गर्द झाडी आणि काठावरची पर्यटक कुटिरे पाहून त्याची समजूत अशी होई की, पुढेमागे येथे एखादे टुमदार विहारनगर उभे राहणार.

ती समजूत गैर म्हणता येणार नाही. मोठ्या शहराजवळचे तळे, तळ्याभोवती पाहुण्यांची वस्ती आणि त्या वस्तीची स्वतंत्र छोटी नगरपालिका हा प्रकार हिंदुस्थानाला नवा नाही. मयेला यातल्या बऱ्याच गोष्टी अनुकूल होत्या. डिचोली हे तालुक्याचे शहर उत्तरेस अगदी लागून आहे, साखळी हाकेच्या अंतरावर, आणि डिचोलीहून पणजी सुमारे ३० किलोमीटर. तेरा नगरपालिका आणि पणजीची एक महापालिका एवढाच नागरी संस्थांचा पसारा असलेल्या या लहानशा राज्यात एकट्या डिचोली तालुक्याच्या वाट्याला डिचोली आणि साखळी अशा दोन नगरपालिका आल्या आहेत. मये मात्र पंचायतीचे गाव होते आणि पंचायतीचेच गाव राहिले. कुटिरे आली, होड्या आल्या; पण तळ्याकाठचे नगर आले नाही. ते का आले नाही, याचे उत्तर पर्यटन खात्याच्या दप्तरात शोधून मिळणारे नव्हे. ते जमिनीच्या दप्तरात आहे.

अगोदर इतर ठिकाणचे तळ्याकाठचे नगर कसे उभे राहिले ते पाहू. महाबळेश्वरचे वेण्णा सरोवर १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधविले. परंतु त्यापूर्वी, १८२९ साली, इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून तो डोंगरमाथा रीतसर मागून घेतला होता आणि त्याच्या मोबदल्यात खंडाळे हे गाव दिले होते. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या नावाने पेठ वसली ती या देवघेवीनंतर. उटकमंडचे तळे तर कलेक्टर सलिव्हन याने १८२० नंतरच्या दशकात मुद्दाम बांध घालून तयार करविले. नैनितालचे तळे निसर्गाचे. पण पीटर बॅरन नावाचा व्यापारी १८४१ साली तेथे पोहोचल्यानंतर दहा वर्षांच्या आत त्या काठावर बंगले आणि नगरपालिका दोन्ही उभी राहिली. या तिन्ही ठिकाणी क्रम एकच दिसतो. जमीन कोणाची हे आधी कागदावर ठरले, तिचे तुकडे पडले, ते भाड्याने वा विकत गेले, घरे उठली, आणि त्या घरमालकांना रस्ते, दिवे, सफाई हवी म्हणून नगरपालिका आली. तळे पाहुण्यांसाठी, नगरही पाहुण्यांसाठी. घाईचे दुष्परिणामही झाले. १८ सप्टेंबर १८८० रोजी नैनितालची एक दरड कोसळून १५१ माणसे दगावली, तेव्हा डोंगर खणून घरे बांधण्याला काही मर्यादा असते हे त्या नगरपालिकेला कळले.

मयेचा क्रम याच्या अगदी उलटा आहे. येथे तळे शेताचे.

गोमंतकातील तळी समजून घ्यायची तर गोमंतकाची शेती समजून घ्यावी लागते. येथे पाऊस भरपूर पडतो आणि तितक्याच वेगाने समुद्राला मिळतो. पावसाळी पिकाला, म्हणजे सरदीच्या भाताला, पाण्याची ददात नसते. प्रश्न उभा राहतो तो मार्गशीर्षानंतर, वायंगणाच्या वेळी. पावसाळ्याचे पाणी अडवून ठेवल्याखेरीज वायंगण होत नाही आणि उन्हाळ्यात कुळागरातील पोफळी जगत नाहीत. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी बांध, त्याखाली पाट आणि पाटाखाली शेत अशी रचना गावोगाव दिसते. तिसवाडीतील करमळीचे तळे किंवा सासष्टीतील कुडतरीची तळी ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. करमळीत तर पाणी ओसरले की तळ्याच्या पोटातच भात पिकवीत. मयेच्या तळ्याचे पाणीही असेच खालच्या शेतांना आणि बागायतींना उपयोगी पडत आले आहे. गावच्या पंचायतीचे नाव मये-वायंगिणी असे आहे. त्यातील वायंगिणी या नावाचे वायंगणाशी नाते लावण्याचा मोह कोणाही भाषाभ्यासकाला होईल, आणि या बाबतीत तो मोह फारसा चुकीचाही ठरू नये.

मये या नावाची हकीकत लोककथेने निराळीच सांगितली आहे. सात बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा असे या भूमीत आले. महामाया मयेत राहिली, केळबाय मुळगावला गेली, लईराई शिरगावला आणि मोरजाय मोरजीला. खेतोबाने वायंगिणी जवळ केली. मिराबाय म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण झाली असेही भाविक सांगतात. तिच्या फेस्ताला शिरगावचे तेल आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाची फुले, हा बहिणींचा आहेर आजही लोकांच्या तोंडी आहे. इतिहासाच्या कसोटीला कथा उतरो वा न उतरो, तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. शिरगाव, मुळगाव, मये, वायंगिणी ही गावे स्वतःला एका कुटुंबातली समजत आली आहेत, आणि त्या कुटुंबाचे पहिले बिऱ्हाड ती मयेत मानतात. मयेच्या पलीकडे मांडवीच्या दिशेला नार्वे आहे. दिवाडी बेटावरून पोर्तुगिजांच्या छळामुळे हलविलेला कदंबांचा सप्तकोटेश्वर तेथे स्थिरावला आणि १६६८ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींनी त्याच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. डिचोली शहर त्या काळी राजकारणाच्या ऐन मध्यावर होते. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला असता या परिसरात राहिला, आणि १६८४ च्या आरंभी शाहआलमच्या मोगली फौजेने डिचोलीची धूळधाण केली. तळ्याकाठचे मये या धामधुमीपासून कोसभर अंतरावर होते. तरी धामधुमीची झळ जमिनीच्या मार्गाने तेथे पोहोचायचीच होती.

पोर्तुगिजांचा गोवा दोन हप्त्यांत झाला, हे साखळीच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. तिसवाडी १५१० मध्ये आणि बार्देश व सासष्टी १५४३ मध्ये त्यांच्याकडे गेली. ही जुनी काबिजाद. डिचोली, साखळी, सत्तरी, पेडणे हा सावंतवाडीकर भोसल्यांचा मुलूख त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ बाहेरच होता. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेडण्यातील हळर्णचा किल्ला घेतला, डिचोली आणि साखळीही घेतली. त्या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला 'मार्केज द आलोर्ना' ही पदवी दिली. शापोरा नदीकाठचे आपले हळर्ण अशा रीतीने लिस्बनच्या दरबारात सरदारकीचे नाव होऊन बसले. आणि तेथील एका थोर घराण्याला ते पिढ्यान् पिढ्या चिकटले. किल्ला काही फार दिवस टिकला नाही. १७६१ मध्ये हा मुलूख भोसल्यांना परत गेला आणि १७८१-८२ मध्ये डिचोली-साखळी पुन्हा पोर्तुगिजांकडे आली ती कायमची. पेडणे १७८८ च्या तहाने गेले. ही नवी काबिजाद.

जुन्या काबिजादीत पोर्तुगिजांना गावांची एक सिद्ध व्यवस्था आढळली होती, तिला गावकारी म्हणत. गाव वसविणाऱ्या कुळांचे वंशज ते गावकार. जमीन त्या सर्वांची मिळून. शेतांची दर काही वर्षांनी पावणी व्हायची, म्हणजे बोली लावून ती कसायला द्यायची. उत्पन्नातून देवालय, बांध, मानशी, बलुतेदार यांचा खर्च भागवायचा. राज्याचा खंड भरायचा आणि उरलेले झोण म्हणून गावकारांत वाटायचे. ही पद्धत इतकी पक्की होती की, १५२६ साली आफोन्सो मेशिया याने तिची सनद लिहून काढली आणि तीत फारसा बदल न करता तिच्यावर राज्याचा कर बसविला. पुढे तिचे कोमुनिदाद हे नाव रूढ झाले. या व्यवस्थेतील दोष पुष्कळ दाखविता येतील. गावकार नसलेल्या कष्टकऱ्याला तीत फारसे स्थान नव्हते, हा त्यातला मोठा. परंतु बांध कोणी राखायचा आणि तळ्याचे पाणी कोणाला कधी द्यायचे, या प्रश्नाला गावकारीपाशी उत्तर होते, कारण बांध गावाचा आणि जमीनही गावाची.

नव्या काबिजादीत निराळे प्रकार आढळतात. साखळीच्या राणे घराण्याचा सत्तरीतील मोकासा हा येथील जुन्याजाणत्यांना परिचित विषय आहे. दीपाजी राणे यांचे १८५२ चे बंड काय किंवा दादा राणे यांचे १८९५ चे बंड काय, या परिसरात जमीन, वतन आणि कर यांचे भांडण नुसते कचेरीतले कधीच राहिले नाही. मयेत प्रकार आणखी वेगळा झाला. पोर्तुगीज सत्तेने गावाचा फार मोठा भाग एका पोर्तुगीज घराण्याला बहाल केला आणि आलोर्नाप्रमाणेच या गावाचेही नाव सरदारकीच्या पदवीत गेले: कोंदे द मये. आलोर्नाच्या बाबतीत पदवी कागदावर राहिली. मयेच्या बाबतीत पदवीबरोबर शेत, भाट, डोंगर आणि घरांखालची जागाही गेली. महामायेचे गाव कोंदेचे गाव झाले. शेतकरी कुळ झाला, घरवाला मुंडकार झाला, आणि ज्या जमिनीवर त्याच्या आजा-पणजाची चूल होती तिचा भाटकार सातासमुद्रापलीकडच्या नात्याचा निघाला.

येथवर मयेची कथा गोव्यातील इतर अनेक गावांच्या कथेपेक्षा फार वेगळी नाही. भाटकार सगळीकडेच होते. खरी वेगळी गोष्ट सुरू होते ती मुक्तीनंतर, आणि म्हणूनच ती अधिक बोचते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले ते कुळांच्या आणि मुंडकारांच्या आशा घेऊनच. १९६४ साली कुळ कायदा झाला, १९७५ साली मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, आणि १९७६ मध्ये, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, कुळ कायद्याला पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानण्याचे तत्त्व मान्य झाले. कोर्टकज्जे पुढे बरेच चालले. तरी दिशा ठरली होती. शेजारच्या गावातील कुळाला आपल्या शेताकडे पाहून 'हे आता माझे' असे म्हणण्याचा अधिकार कायद्याने दिला.

मयेच्या कुळाला तो मिळाला नाही. मुक्तीच्या सुमारास पोर्तुगालला निघून गेलेल्या लोकांच्या मालमत्तेसाठी १९६४ सालीच आणखी एक कायदा झाला होता, तो स्थलांतरितांच्या मालमत्तेच्या व्यवस्थेचा. त्यानुसार अशा मालमत्ता कस्टोडियन या सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात गेल्या आणि त्यांतली सर्वांत मोठी, एका अख्ख्या गावाला व्यापून राहिलेली मालमत्ता म्हणजे मये. कस्टोडियन याचा अर्थ राखणदार. राखणदार मालक नसतो. त्याला देता येत नाही, सोडता येत नाही, राखता तेवढे येते. ज्याच्यासाठी राखायचे तो परत येणार नाही आणि ज्याच्यापासून राखायचे तो पिढ्यान् पिढ्या तेथेच राहतो आहे, अशी ही विचित्र राखण. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी मयेच्या घरांखालची जमीन मयेकरांच्या नावे झाली नाही.

याचा रोजच्या जीवनात काय अर्थ होतो, हे ज्याचे घर स्वतःच्या नावावर आहे त्याच्या सहजासहजी लक्षात येत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर आपले नाव मालक म्हणून नसले की बँक तारण घेत नाही. मुलाचे लग्न झाले, एक खोली वाढवायची, तर परवानगी कोणाकडे मागायची येथपासून प्रश्न. भावाभावांच्या वाटण्या तोंडी. बागायतीत नवीन रोपे लावायची तरी मनात शंका. गोवा मुक्त झाला, पण मये मुक्त झाले नाही, असे मयेची माणसे म्हणत आली. हे शब्द सभेत टाळ्या घेण्यासाठी जुळविलेले नव्हते, जमिनीच्या कागदापुरते ते अक्षरशः खरे होते. आणि ज्या गावाच्या नावाने विधानसभेचा मतदारसंघ ओळखला जातो, त्या गावाची ही अवस्था होती!

आता तळ्याकडे परत वळता येईल. १९८० नंतर पर्यटकांच्या बसगाड्या तळ्याकाठी थांबू लागल्या तेव्हा कळंगुट आणि कांदोळीच्या किनाऱ्यावर काय घडत होते ते सर्वांनी पाहिले आहे. माडांची भाटे विकली गेली, घरांच्या खाणावळी झाल्या, खाणावळींची हॉटेले झाली. तेथे जमिनीला मालक होता, म्हणून गिऱ्हाईकही होते. मयेला पाहुणे आले तरी गिऱ्हाईक येऊ शकले नाही. काठावरच्या रहिवाशाला आपल्या अंगणात चार खोल्या बांधून पाहुणा ठेवण्याइतपतही जमिनीचा भरवसा नव्हता. त्यामुळे पर्यटनाचा उद्योग चालविला तो महामंडळाने; गावाच्या वाट्याला काही नोकऱ्या आणि थोडाफार किरकोळ व्यापार आला. बाहेरच्याला तळे दिसले. तळ्याकाठच्या माणसाची अडचण मात्र त्याच्या नजरेस पडण्याचे कारण नव्हते. बस अर्ध्या-पाऊण तासात पुढे जाई.

आणि तरीही, ज्या खोड्याने मयेकराला पन्नास वर्षे अडवून धरले त्याच खोड्याने तळ्याचा काठही राखला. हे लिहिणे मयेकरांना कदाचित रुचणार नाही. परंतु इतिहास लिहिताना दोन्ही गोष्टी नोंदविणे भाग आहे. जमीन विकता येत नव्हती म्हणून काठावर सिमेंटच्या भिंती उठल्या नाहीत, डोंगरउतार कापून बंगल्यांची रांग आली नाही, तळ्यात सांडपाणी सोडणारी पेठ वसली नाही. अर्थात यात कोणाचे शहाणपण नव्हते. अन्यायाची ती अनपेक्षित उपज होती, आणि अशा उपजेसाठी कोणी अन्यायाचे आभार मानीत नाही.

डोंगरांच्या दुसऱ्या अंगाला मात्र कुदळी थांबल्या नव्हत्या. डिचोली तालुका म्हणजे लोहखनिजाचा तालुका. दुसऱ्या महायुद्धानंतर येथील खनिज परदेशी जाऊ लागले. खाणीवरून ट्रक, ट्रकातून पिळगाव-सारमानसच्या धक्क्यावर, तेथून बार्जने मांडवीतून मुरगावला, असा त्याचा मार्ग. पर्यटकाला जे हिरवे डोंगर तळ्याभोवती दिसत, त्यांच्यापलीकडचे डोंगर तांबडे होऊन खाली बसत होते. शेजारच्या शिरगावात खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले आणि विहिरी आटल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्या. तळे म्हणजे त्याच्या काठांमध्ये दिसणारे पाणी एवढेच नव्हे. डोंगराच्या पोटात मुरलेल्या पाण्याचे ते तोंड आहे. डोंगर गेला की तोंड कोरडे पडते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी बंद झाल्या, मधे थोडा काळ सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पुन्हा थांबल्या, तेव्हा तालुक्यातील ट्रकवाले आणि खाणकामगार यांच्या चुली अडचणीत आल्या. त्यांच्यासाठी पर्यटनाचा पर्याय बोलला जाऊ लागला. त्याच २०१८ साली मयेच्या तळ्यावर ५५ मीटर उंचीवरून दोरी बांधून उडी मारण्याचा साहसी खेळ सुरू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या लिलावात डिचोलीचा जो खनिजपट्टा गेला, त्यात डिचोली, मुळगाव, शिरगाव यांच्याबरोबर मयेचाही भाग आहे. लोककथेने एका कुटुंबात घातलेली गावे खनिजाच्या नकाशावरही अशी एकत्र आली.

जमिनीचा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला तो २०१४ साली. गावकऱ्यांनी भूविमोचनाची चळवळ चालविली, धरणी धरली, निवेदने दिली. अखेर गोवा विधानसभेने पोर्तुगीज अमलातील अशा मालकी, पदव्या आणि जमिनींच्या बहाल्या रद्द करणारा कायदा केला. कोंदे द मये ही गोष्ट गावापुरती कायद्याने संपली. गावाची जमीन सरकारकडे आली आणि जे राहतात वा कसतात त्यांच्या नावे ती करून देण्याची वाट मोकळी झाली. मात्र वाट मोकळी होणे आणि वाटेने पोहोचणे यांत बरीच वर्षे गेली. मोजणी, दावे, हरकती, कोणाचे घर कोणत्या क्रमांकात, कोणाची बाग कोणाच्या शेतात घुसलेली, हे सारे निस्तरता निस्तरता सनदा प्रत्यक्ष लोकांच्या हाती पडू लागल्या त्या त्यानंतरच्या दशकात. आजा गेला, बाप गेला आणि नातवाने सनद घेतली, अशी घरे मयेत थोडीथोडकी नाहीत. मुक्तीची पहाट साऱ्या गोव्यात एकाच दिवशी उगवली असे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. मयेच्या घराघरांत ती वेगवेगळ्या दिवशी, तलाठ्याच्या कचेरीतून उगवली.

या सनदांनी मयेकराला जे मिळाले त्यात विकण्याचा मोह ओघानेच येतो. ज्याने तीन पिढ्या वाट पाहिली, त्याला 'विकू नकोस' असे सांगण्याचा अधिकार पणजीतल्या वा साखळीतल्या कोणाला आहे, हा प्रश्न सोपा नाही. मुंबई-दिल्लीच्या गिऱ्हाईकाला समुद्रकाठी जागा उरलेली नाही आणि त्याची नजर आता आतल्या तालुक्यांकडे, डोंगराकडे आणि पाण्याकडे वळली आहे. डिचोली शहरही वाढते आहे. महाबळेश्वर, उटकमंड, नैनिताल येथे जो क्रम दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी घडला, त्याची पहिली पायरी, म्हणजे जमीन कोणाची हे कागदावर ठरणे, मयेत आता कोठे ओलांडली जात आहे.

फरक इतकाच की, त्या ठिकाणी नगरपालिका होत्या, त्यांचे अभियंते होते, बांधकामाचे नियम करणारे मंडळ होते. मयेपाशी पंचायत आहे. तळ्याचा एक काठ पर्यटनाच्या ताब्यात, पाणी आणि पाट पाटबंधाऱ्याच्या अखत्यारीत, डोंगरामागे खाण, आणि खालच्या अंगाला ज्यांच्या हाती आताच सनद आली आहे त्यांची वायंगणाची शेते. जुन्या गावकारीत या सगळ्यांचे म्हणणे एका मांडवाखाली ऐकले जाई. आज त्यासाठी चार कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. येत्या काही वर्षांत मये-वायंगिणी पंचायतीच्या टेबलावर घरदुरुस्तीच्या अर्जांबरोबर कुटिरांचे, खाणावळींचे आणि बंगल्यांचे अर्ज येऊन पडतील. मार्गशीर्षात तळ्याचे पाणी आधी कोणाला, पाटाखालच्या भाताला की काठावरच्या पाहुण्याला, हे ठरविण्याची वेळ त्या पंचायतीवर येईल, आणि ठरविणारे पंच त्या वेळी प्रथमच स्वतःच्या मालकीच्या घरातून उठून सभेला आलेले असतील.